जुनी सबमरिनर घ्यावी की नवी?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा. तुम्ही व्यापारी जहाजावर सेकंड इंजिनिअर आहात. वर्षातले सहा-सात महिने बोटीवर आणि उरलेले रत्नागिरीत घरी. सुट्टीत तारकर्लीला, कधी अंदमानला डायव्हिंग करता. ज्यांच्या हाताखाली तुम्ही काम शिकलात ते चीफसाहेब गेले, आणि त्यांच्या मुलाकडे वडिलांची रोलेक्स सबमरिनर आहे, मॉडेल ५५१३, साधारण १९७८ ची. तो ती तुम्हाला द्यायला तयार आहे. तो म्हणतो तेवढ्याच पैशांत नवी सबमरिनर १२४०६० सुद्धा येते. दोन्ही घेणं शक्य नाही. घड्याळ रोज हातात राहणार, इंजिन रूममध्ये असणार, समुद्रातही जाणार, आणि पुढे ते मुलीला द्यायचं मनात आहे. तर कुठलं घ्यावं?

आधी उत्तर देतो, कारणं मागाहून. रोजच्या वापराचं आणि पाण्यात न्यायचं घड्याळ एकच असेल, तर नवं घ्या. हे लिहिताना मला जड जातंय. तीस-बत्तीस वर्षं मी जुनीच घड्याळं उघडत आलोय, आणि ५५१३ इतकं सुबक घड्याळ रोलेक्सने त्यानंतर केलेलं नाही असं माझं मत आहे. पण तुमचा प्रश्न सुबकपणाचा नाही, पाण्याचा आहे.

या जातीची घड्याळं जन्मली तीच पाण्यासाठी. १९५३ साली ब्लाँपँ या स्विस कंपनीने फिफ्टी फॅदम्स नावाचं घड्याळ काढलं. फ्रेंच नौदलाचे बॉब मालुबिए आणि क्लोद रिफो आपल्या पाणबुड्या सैनिकांसाठी घड्याळ शोधत होते आणि त्यांना काय हवं याची त्यांच्याकडे यादीच होती: अंधारात दिसणारी डायल, भोवती फिरणारं कडं, आत पाणी न शिरणारी केस, म्हणजे घड्याळाचं बाहेरचं कवच. सबमरिनरही त्याच सुमाराची, १९५४ च्या बाझलच्या प्रदर्शनात ती लोकांपुढे आली. त्या काळी खाली उतरून किती वेळ झाला आणि वर येताना कुठे किती थांबायचं, हे माणूस मनगटावर बघून ठरवायचा. आज ते काम तुमचा डाइव्ह कॉम्प्युटर करतो, आणि तेच बरं आहे. त्यामुळे जुनं घड्याळ नेलं तर तुमच्या जिवाला धोका आहे असं मी म्हणणार नाही. धोका घड्याळाला आहे.

५५१३ च्या डायलवर ६६० फूट, २०० मीटर असं लिहिलेलं असतं. तुम्ही ओपन वॉटरवाले, म्हणजे डायव्हिंगचं पहिलं सर्टिफिकेट घेतलेले असाल तर १८ मीटर, फार तर पुढचं शिक्षण घेऊन ४० मीटरपर्यंत जाणार. साहजिकच वाटतं, २०० च्या घड्याळाला ४० म्हणजे काय! पण तो आकडा घड्याळ कारखान्यातून बाहेर पडलं त्या दिवसाचा आहे. आत पाणी अडवतं ते रबर. मागच्या झाकणाची रिंग, चावीतली रिंग, चावी जिच्यावर आटे घेऊन बसते ती नळी, आणि काच. यातली एकही गोष्ट पंचेचाळीस-पन्नास वर्षं टिकत नाही. डायलवरचा आकडा जन्मदाखला म्हणून वाचा, तब्येतीचा दाखला म्हणून नको.

पाच-सहा वर्षांपूर्वी एक गृहस्थ असंच सत्तरच्या दशकातलं घड्याळ घेऊन आले. विकणाऱ्याने त्यांना "पूर्ण वॉटरप्रूफ, दोनशे मीटर" असं सांगितलं होतं. मे महिन्यात देवबागला पोहायला गेले, वीसेक मिनिटं पाण्यात होते. बाहेर आल्यावर काचेच्या आतून दव धरल्यासारखं दिसलं. घरी नेऊन घड्याळ तांदळाच्या डब्यात ठेवलं आणि माझ्याकडे आले आठव्या दिवशी.

झाकण उघडलं. रिंग रबराची राहिलीच नव्हती. डांबर व्हावं तशी खाचेला चिकटून बसलेली, चिमट्याने ओढली की तुकड्यातुकड्याने येत होती. ती खरवडून काढल्यावर खरा आजार दिसला. रिंग ज्या कडेवर टेकते त्या स्टीलला बारीक खड्डे पडले होते, देवीच्या व्रणांसारखे. वर्षानुवर्षं घाम आणि खारं पाणी त्या फटीत बसून राहतं, तिथे हवा लागत नाही, आणि चांगलं स्टीलही आतून खाल्लं जातं. अशा कडेवर नवी कोरी रिंग बसवली तरी ती खड्ड्यांवरून पाणी आत सोडणारच. म्हणजे या घड्याळात पाणी त्या दिवशी शिरलं असलं तरी वाट दहा वर्षांपूर्वीच झाली होती. आत चावीच्या बाजूची कमान प्लेटला गंजून चिकटली होती. रोटरच्या दांड्याभोवती तांबूस कडं. आणि काट्यांमधला, अंधारात चमकणारा ट्रिटियमचा लेप फुगून, सुटून, डायलवर पिवळट रवाळ पुडीसारखा पडला होता. मशीन मी वाचवलं, पण दुसऱ्या मशीनचे भाग लावून आणि तीन महिने घालवून. डायलवर मात्र सहाच्या आकड्यापाशी जो डाग पडला तो कायमचा.

(मध्येच सांगून ठेवतो: खारं पाणी आत गेलं की तांदूळ, हेअर ड्रायर यांत वेळ घालवू नका. त्याच दिवशी घड्याळजीकडे न्या. पाणी वाळलं तरी मीठ आतच राहतं आणि ते काम करत राहतं.)

आता माझा खरा मुद्दा. नव्या १२४०६० मध्ये उद्या पाणी शिरलं तर काय होईल? वाईट वाटेल, खर्च होईल, कदाचित वॉरंटीत बसेल, पण कंपनी डायल बदलेल, काटे बदलेल, मशीनचे भाग बदलेल, आणि घड्याळ होतं तसं परत येईल. त्यातला प्रत्येक भाग बदलता येतो आणि बदलल्याने त्याची किंमत उतरत नाही. ५५१३ चं उलटं आहे. तिच्यासाठी तुम्ही जे पैसे मोजता, त्यातला मोठा हिस्सा मूळ डायल, मूळ काटे आणि केसच्या न घासलेल्या कडा यांचा असतो. नेमक्या याच गोष्टी पुन्हा मिळत नाहीत. काच बदला, चावी बदला, रिंगा बदला, कोणी नाव ठेवणार नाही. डायल बदलली की वर सांगितलेला हिस्सा गेला. एकाच समुद्रात दोन्ही घड्याळं नेली तर एकात तुम्ही दुरुस्तीचा खर्च पणाला लावता आणि दुसऱ्यात अख्खं घड्याळ.

हे मला पूर्वी कळत नव्हतं, आणि त्याची एक आठवण मी कोणालाही सांगतो. नव्वदच्या दशकात माझ्याकडे एक सबमरिनर १६८० आली होती, डायलवर "सबमरिनर" हा शब्द लाल अक्षरांत असलेली. मालक म्हणाले, नव्यासारखी करून द्या. मी अगदी मन लावून केली. पट्टा जिथे जोडतात त्या केसच्या शिंगांवर एक तिरकी, आरशासारखी कड असते, ती बफिंगच्या चाकाखाली गोल होऊन गेली. काट्यांतला मधासारख्या रंगाचा लेप काढून पांढरा शुभ्र भरला. मालक खूश झाले, मीही झालो. अलीकडे त्यांची मुलगी ते घड्याळ विकायचं म्हणून घेऊन आली. पहिल्या नजरेतच मला माझा हात ओळखू आला. त्या तिरक्या कडेसाठी आणि त्या मधासारख्या रंगासाठी आज लोक पैसे मोजतात, आणि दोन्ही मी काढून टाकलं होतं. मी तिला तसं स्पष्ट सांगितलं. तेव्हापासून जुन्या घड्याळाला पॉलिश करायला मी नाही म्हणतो, गिऱ्हाईक रागावलं तरी.

अंधाराचंही तसंच. १९७८ च्या डायलवर सहाच्या खाली "स्विस" शब्दाच्या आजूबाजूला टी अक्षर असतं, ते ट्रिटियमचं. ट्रिटियमचं अर्धायुष्य १२.३ वर्षं. म्हणजे चीफसाहेबांच्या घड्याळाने आता जवळजवळ चार अर्धायुष्यं पार केली, आणि मूळ किरणोत्साराचा साधारण सोळावा भाग उरला. शिवाय त्याच्यामुळे चमकणारं रसायनही थकतं. रात्री ते घड्याळ दिसणार नाही. उजेडात त्याचा जो सायीसारखा पिवळसर रंग दिसतो तो सुंदर असतो, पण रात्री इंजिन रूमच्या शिडीवर त्याचा उपयोग नाही. रोलेक्सने १९९८ च्या सुमारास ट्रिटियम सोडून ल्युमिनोव्हा हा किरणोत्सार नसलेला लेप घेतला, आणि आताचा निळा लेप उजेड पिऊन रात्रभर दिसत राहतो. १९६३ च्या आधीच्या घड्याळांत तर रेडियम असतं, त्याचं अर्धायुष्य १६०० वर्षं. तो लेप चमकायचा थांबला तरी किरणोत्सार तसाच राहतो. असं घड्याळ घरी उघडू नका, लेप तर अजिबात खरवडू नका, ती धूळ श्वासातून जायला नको.

बेझलकडेही, म्हणजे डायलभोवतीच्या कड्याकडेही बघा. ५५१३ चं कडं दोन्ही बाजूंना फिरतं, नुसत्या घर्षणावर बसतं. टाकीला घासून ते चुकून उलटं सरकलं तर तुमच्या हिशोबात पाण्यात राहायला पाच मिनिटं जास्तीची उरलेली दिसतात. नव्याचं कडं एकाच बाजूला, १२० टप्प्यांत फिरतं. चुकून फिरलं तर उरलेला वेळ कमीच दाखवतं, म्हणजे तुम्ही लवकर वर येता. कॉम्प्युटर आला म्हणून या शहाणपणाचं मोल कमी होत नाही.

तुमच्या कामाचा विचार केला तर चुंबकत्वाची गोष्ट मला पाण्याइतकीच महत्त्वाची वाटते. जनरेटर, मोटारी, चुंबकी कव्हरचे मोबाइल, स्पीकर. जुन्या घड्याळाच्या हेअरस्प्रिंगला, म्हणजे वेळ राखणाऱ्या केसासारख्या बारीक कमानीला, चुंबक लागलं की तिचे वेढे एकमेकांना चिकटतात आणि घड्याळ दिवसाला मिनिटामिनिटांनी पुढे पळतं. उतरवायला मला दहा सेकंद लागतात, पण बोटीवर तुम्हाला कोण उतरवून देणार? १२४०६० मधल्या ३२३० मशीनची निळी हेअरस्प्रिंग नायोबियम आणि झिर्कोनियमच्या मिश्रधातूची आहे, तिला चुंबक धरत नाही. याच बाबतीत ओमेगाचं सीमास्टर डायव्हर ३००एम आणखी पुढे आहे. २०१८ पासून त्यात ८८०० मशीन येतं आणि ते १५,००० गॉसपर्यंतच्या (गॉस हे चुंबकत्वाचं माप) चुंबकात तपासलेलं असतं. इंजिन रूममधल्या माणसाने रोलेक्सच्या नावापुढे हे घड्याळ नजरेआड करू नये. मी तर म्हणेन, दुकानात दोन्ही हातात घालून बघा.

वेळेबद्दल फार लिहीत नाही. ५५१३ मधलं १५२० मशीन तासाला १९,८०० ठोके टाकतं, दणकट आहे, नीट सर्व्हिस केलेलं असेल तर दिवसाला पाच-दहा सेकंदांत राहतं. नवं दिवसाला दोन सेकंदांच्या आत राहतं आणि काढून ठेवलं तरी ७० तास चालतं. तुमच्या कामाला दोन्ही पुरेशी आहेत.

नव्यात काय मिळत नाही तेही सांगायला हवं, नाहीतर मी एकाच बाजूने बोलतोय असं होईल. ५५१३ मनगटावर बसते ती जाणवतच नाही. ४० मिलिमीटरची, शिंगं निमुळती, पट्टा हलका. प्लेक्सीची, म्हणजे प्लास्टिकची काच थोडी उंच असते, तिरक्या नजरेने बघितलं की डायलची कड पाण्यात काठी वाकावी तशी वाकलेली दिसते. ओरखडा पडला तर पॉलिशची ट्यूब आणि मऊ फडकं घेऊन दहा मिनिटांत जातो. बेझलमधली काळी ॲल्युमिनियमची पट्टी उन्हाने करडी होत जाते, आणि प्रत्येक घड्याळाची वेगळी होते. चीफसाहेबांच्या घड्याळाचा रंग दुसऱ्या कुठल्याच घड्याळाला नसणार. नवं घड्याळ ४१ मिलिमीटरचं, जड, नीलमण्याच्या काचेचं आणि सिरॅमिकच्या बेझलचं आहे. ते विटत नाही, आणि दहा वर्षांनीही तुमचं आणि शेजाऱ्याचं घड्याळ सारखंच दिसेल. सिरॅमिकला ओरखडा येत नाही, पण लोखंडी रेलिंगवर जोरात आपटलं तर ते तडकू शकतं, हे बोटीवरच्या माणसाने लक्षात ठेवावं. पट्ट्याचा खटका मात्र नव्याचा लाखमोलाचा. दोन-दोन मिलिमीटरने सरकवत वेटसूटवरसुद्धा बसवता येतो, आणि गरमीत मनगट फुगलं की जागच्या जागी सैल करता येतो. जुन्या पट्ट्याचा पत्र्यासारखा खटका पाण्यात उघडून घड्याळ तळाला गेल्याच्या दोन गोष्टी मी गिऱ्हाइकांकडून ऐकल्यात.

मधली वाट आहे, आणि तुमचं मन जुन्या रूपावर अडलं असेल तर मी तीच सुचवेन. सबमरिनर १४०६०एम, साधारण १९९९ ते २०१२ पर्यंतची. तारीख नाही, ४० मिलिमीटर, ॲल्युमिनियमची पट्टी, निमुळती शिंगं, म्हणजे ५५१३ ची सख्खी धाकटी बहीणच. पण काच नीलमण्याची, कडं एका बाजूला फिरणारं, ३०० मीटर, लेप ट्रिटियमसारखा वर्षांनी न थकणारा, आणि आतल्या ३१३० मशीनचं काम आजही सहज होतं. पाण्यात न्यायची तर रिंगा बदलून, दाब तपासून बिनधास्त न्या. पैसेही सहसा ५५१३ पेक्षा कमी पडतात. कोरं घड्याळच हवं पण जुना घाट आवडतो, तर ट्यूडरचं ब्लॅक बे फिफ्टी-एट बघा. २०१८ ला आलं, ३९ मिलिमीटर, २०० मीटर. त्याचे पैसे देऊन खिशात जे उरतं त्यात अंदमानच्या दोन फेऱ्या होतील.

आता तुम्ही माझं न ऐकता ५५१३ घेतलीत तर काय काय बघायचं? ऐकणार नाही असं मला तुमच्या प्रश्नावरून थोडं वाटतंय, म्हणून हेही सविस्तर.

पट्टा काढायला लावा. शिंगांच्या मध्ये बाराच्या बाजूला मॉडेल नंबर आणि सहाच्या बाजूला सिरियल नंबर कोरलेला असतो. अक्षरं खोल आणि तीक्ष्ण हवीत. पुसट असतील तर तिथे घाम साचून झीज झाली आहे किंवा केस फार वेळा घासली गेली आहे. शिंगांच्या टोकांकडे वरून बघा, चारही सारख्या जाडीची हवीत. मग अंधाऱ्या खोलीत डायलवर अतिनील टॉर्च मारा आणि विझवा. जुना ट्रिटियम टॉर्चखाली जेमतेम उजळतो आणि टॉर्च विझताच विझतो. नंतरही ठळक चमकत राहिलं तर लेप नवा भरलाय किंवा डायल सर्व्हिसमध्ये बदललेली आहे. काटे आणि डायल यांचा रंग एकमेकांशी जुळतो का तेही बघा. डायल सायीसारखी आणि काटे हिरवट पांढरे असतील तर त्यांची भेट उशिरा झालेली आहे. सर्व्हिसमध्ये बदललेली डायल म्हणजे खोटी डायल नव्हे, वापरणाऱ्याला ती उलट बरी. फक्त मूळ डायलचे पैसे तिच्यासाठी देऊ नका.

मग झाकण उघडायला लावा. उघडायला नकार देणाऱ्याकडून जुनं घड्याळ घेऊ नये, मग तो कितीही जवळचा असो. रिंग बसते त्या कडेवर भिंग धरून बघा, खड्डे आहेत का. मशीनवर तांबूस डाग आहेत का. बंद केल्यावर मी एक जुनी चाचणी करतो: घड्याळ चाळीस-पंचेचाळीस अंशांपर्यंत गरम करायचं, काचेवर गार पाण्याचा थेंब एक मिनिट ठेवायचा, पुसायचा आणि बघायचं. आतून धुकं धरलं तर आत ओल आहे. दाबाच्या मशीनवर त्यानंतर.

आपल्याकडच्या माणसाला रंगवलेल्या डायलबद्दल वेगळं सांगायला नको, पण सांगतो. फावर-ल्युबा ही स्विस घड्याळ कंपनी मुंबईत १८६५ साली आली, आणि आपल्या आजोबा-वडिलांच्या हातात सी चीफ, सी किंग असायची. ती जुनी झाल्यावर त्यांच्या डायली मुंबईत पुन्हा रंगवून, चकचकीत रंगात विकल्या जाऊ लागल्या, इतक्या की जगभरच्या शौकिनांत "मुंबई स्पेशल" हा शब्दच रूढ झाला. रंगवणाऱ्यांच्या हातात कौशल्य होतं, याबद्दल मला आदर आहे. पण रंगवलेली डायल मूळ म्हणून विकणं ही फसवणूक. भिंगाखाली बघा: अक्षरांच्या कडा फुटलेल्या असतात, मिनिटांच्या रेघा सारख्या अंतरावर नसतात, तळाचं "स्विस" गायब किंवा वाकडं असतं. याच कंपनीने साठच्या दशकात बाथी नावाचं घड्याळ केलं होतं, खोली दाखवणारं, ५० मीटरपर्यंत. मागच्या झाकणाच्या भोकांतून पाणी मुद्दाम आत घेऊन एका पडद्यावर दाबायचं. ते मूळ अवस्थेत कुठे दिसलं तर मला जरूर कळवा.

आणि फसवणूक फक्त चोर बाजारात होते असं समजू नका. २०२१ साली जिनिव्हातल्या एका मोठ्या लिलावात १९५७ ची म्हणून एक ओमेगा स्पीडमास्टर ३१ लाख स्विस फ्रँकहून जास्त किमतीला गेली. २०२३ मध्ये ओमेगानेच सांगितलं की ते वेगवेगळ्या घड्याळांचे भाग जुळवून केलेलं होतं. तज्ज्ञांच्या नजरेखालून गेलेलं घड्याळ. म्हणून मी म्हणतो, जुन्या घड्याळाबरोबर माणूस कोण आहे ते आधी बघा. इथे तुमची बाजू भक्कम आहे: पहिला मालक तुम्हाला माहीत, घड्याळ एकाच घरात राहिलेलं. असं घड्याळ बाजारात क्वचित येतं.

व्यवहाराचं एवढंच. जुनं घड्याळ परदेशातून कुरियरने मागवण्याच्या भानगडीत पडू नका, वापरलेल्या वस्तूंच्या आयातीला आपल्याकडे परवाना लागतो आणि पार्सल कस्टममध्ये अडकतं. नवं एखाद्या बंदरात घेतलंत तर येताना ते जाहीर करा, शुल्क भरा, पावती जपा. १० लाखांच्या वरचं घड्याळ इथे घेतलंत तर एप्रिल २०२५ पासून दुकानदार १ टक्का टीसीएस, म्हणजे आगाऊ आयकर घेतो, तो विवरणपत्रात तुमच्या खात्यात वळता होतो. अधिकृत दुकानात नव्या सबमरिनरसाठी थांबावं लागतं. थांबा. वर पैसे देऊन लगेच देणाऱ्याकडे जाऊ नका.

आता चीफसाहेबांच्या घड्याळाचं. तुमच्या पत्रात त्यांच्याबद्दल चार ओळी आहेत आणि घड्याळाच्या भावाबद्दल एक. ते घड्याळ ५५१३ आहे म्हणून हवं असेल, तर सोडून द्या, १४०६०एम घ्या. पण ते त्यांचं आहे म्हणून हवं असेल, तर मी वर लिहिलेलं सगळं बाजूला ठेवून तेच घ्या. मात्र एक गोष्ट मान्य करून घ्या, की ते यापुढे पाण्यात जाणार नाही. हात धुताना शिंतोडे चालतील, पावसात बाहीखाली चालेल, तारकर्लीला जाताना ते रत्नागिरीच्या कपाटात राहील. समुद्रासाठी एखादं साधं सेइको किंवा सिटिझनचं डायव्हर घड्याळ घ्या, ते आपलं काम चोख करतं. मुलीला द्यायला मग तुमच्याकडे असं काही असेल ज्याच्याबरोबर सांगण्यासारखं माणूसही आहे.

काहीही ठरवलंत तरी त्या मुलाला आजच फोन करून दोन गोष्टी सांगा. विकण्याआधी कोणी "जरा चमकवून देतो" म्हटलं तर देऊ नको. आणि कपाटात वडिलांच्या कागदांत पावती, गॅरंटीचा कागद, डबी, पट्ट्याच्या काढलेल्या कड्या काहीही सापडलं तर फेकू नको, घड्याळाबरोबर ठेव.

मग दोघं मिळून घड्याळ घेऊन माझ्याकडे या. पैसे ठरायच्या आधी या. झाकण तुमच्या समोर उघडतो. पूर्वीचे कारागीर सर्व्हिस केल्यावर झाकणाच्या आतल्या बाजूला सुईने आपली खूण आणि तारीख कोरून ठेवत. चीफसाहेबांनी ते किती वेळा आणि कुठल्या कुठल्या वर्षी उघडून घेतलं, ते कदाचित तिथे वाचायला मिळेल.